छाती उघडून की जांघेतून? महाधमनीची झडप बदलण्याआधी करायची तुलना

महाधमनीची झडप अरुंद झाली आहे आणि ती बदलावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर घरात जी चर्चा सुरू होते, ती बहुतेक वेळा एकाच वाक्यापाशी येऊन थांबते: छाती न उघडता होत असेल, तर उघडायची कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि ऐंशी ओलांडलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्याचे उत्तर बहुधा ‘उघडू नये’ असेच येते. साठीतल्या किंवा सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या रुग्णाला मात्र हा प्रश्न पुरत नाही. आयुष्य दीर्घ लाभले तर त्याला एकाऐवजी दोन झडपा बसवाव्या लागण्याची शक्यता असते, आणि मग आधी कोणती पद्धत आणि नंतर कोणती, हा क्रम ठरवणे हेच निर्णयाचे खरे काम होऊन बसते. पुढची तुलना या क्रमाच्या अंगाने केलेली आहे.

त्याआधी हातातला इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, अहवाल एकदा नीट पाहावा. निरोगी झडपेचे तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. ते १ चौरस सेंटिमीटरच्या खाली गेले, झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर किंवा त्याहून अधिक झाला आणि झडपेच्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबांतला सरासरी फरक ४० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला, की आजार तीव्र मानतात. हृदयाचे आकुंचनच कमजोर असेल तर दाबाचा आकडा फसवा कमी येतो; तेव्हा झडपेवर साचलेले कॅल्शियम सीटी स्कॅनने मोजून खात्री करून घेतात. जिना चढताना धाप लागणे, छातीत दडपण येणे, श्रमाच्या वेळी भोवळ येऊन पडणे ही लक्षणे सुरू झाल्यावर वाट पाहण्याला वाव फारसा उरत नाही. हा आजार गोळ्यांनी थांबत नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधांकडून मोठी आशा होती, पण तीही चाचण्यांत फोल ठरली. उपचार न केल्यास काय होते, याचा पुरावा २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ चाचणीच्या एका शाखेत आहे. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा ३५८ रुग्णांपैकी ज्यांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले, त्यांच्यातील ५०.७ टक्के वर्षभरात दगावले. जांघेतून झडप बसवलेल्यांत हे प्रमाण ३०.७ टक्के होते. म्हणजे काहीच न करणे हाही एक पर्याय असला, तरी सर्वांत धोक्याचा तोच आहे.

जुनी झडप काढायची की तशीच ठेवायची

दोन्ही पद्धतींतला मूळ फरक छेदाच्या लांबीचा वाटतो, पण त्याहून मोठा फरक असा की शस्त्रक्रियेत जुनी झडप काढून टाकतात आणि टावीमध्ये, म्हणजे बहुधा जांघेतून कॅथेटर ही बारीक नळी सरकवून नवी झडप बसवण्याच्या पद्धतीत, ती आतच राहते. पुढचे जवळजवळ सगळे फायदे-तोटे या एकाच गोष्टीतून निघतात.

शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड पूर्ण किंवा अर्धे उघडून रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर घेतात, हृदय थांबवतात आणि महाधमनीला छेद देऊन आत पोहोचतात. तिथे पाकळ्यांच्या जागी चुन्याच्या खड्यांसारखी कडक गाठोडी दिसतात. शल्यचिकित्सक ती कापून, कुरतडून बाहेर काढतात आणि एखादा कण सुटून मेंदूकडे जाऊ नये म्हणून पोकळी वारंवार धुऊन, शोषून स्वच्छ करतात. मग उरलेल्या कड्याचे माप प्रत्यक्ष मापकाने घेतात आणि नवी झडप टाक्यांनी शिवून बसवतात. काम तीन-चार तासांचे. त्यानंतर अतिदक्षता विभागात एक-दोन दिवस, रुग्णालयात साधारण आठवडाभर मुक्काम आणि छातीचे हाड सांधेपर्यंत सहा ते आठ आठवडे वजन न उचलण्याचे, कुशीवर न वळण्याचे पथ्य, असा सगळा हिशेब असतो.

टावीची सुरुवात फ्रान्समधील रुआं शहरात झाली. तिथे १६ एप्रिल २००२ रोजी आलँ क्रिबिए यांनी, शल्यचिकित्सकांनी हात टेकलेल्या ५७ वर्षांच्या एका अत्यवस्थ रुग्णाला पहिली झडप कॅथेटरमधून बसवली. आज हे काम बहुधा जांघेतील धमनीतून, पुष्कळदा पूर्ण भूल न देता, तास-दीड तासात होते. प्राण्याच्या हृदयावरणापासून बनवलेली झडप धातूच्या जाळीत शिवलेली असते. ती कॅथलॅबमधल्या टेबलावर सलाईनमध्ये खळबळून धुतात आणि गोल चिमट्यासारख्या यंत्रात दाबून पेन्सिलीएवढी बारीक करतात. आपोआप उमलणारी नायटिनॉलची जाळी असेल तर हे दाबणे थंडगार सलाईनमध्ये करावे लागते, कारण हा मिश्रधातू गारव्यात मऊ पडतो आणि शरीराच्या उबेत पुन्हा मूळ आकार घेतो. फुग्यावर बसवलेली झडप असेल तर तात्पुरत्या पेसमेकरने हृदयाचे ठोके मिनिटाला १८० च्या आसपास नेतात. काही सेकंद रक्तदाब जवळजवळ कोसळतो, झडप स्थिर राहते, आणि तेवढ्यात फुगा फुगवून जुन्या पाकळ्या बाजूला रेटत नवी झडप तिच्या जागी उघडतात. दुसऱ्या दिवशी रुग्ण चालू लागतो आणि दोन ते चार दिवसांत घरी जातो.

ही झडप टिकून राहते ती जुन्या झडपेतल्या कॅल्शियमच्या आधाराने, टाक्यांनी नव्हे. म्हणूनच झडप केवळ गळत असेल आणि कडक झालेली नसेल, तर आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या टावी झडपांचा तिथे बहुधा उपयोग होत नाही.

पहिल्या वर्षाचे आकडे, आणि पाचव्या

सुरुवातीच्या काळात टावीचे पारडे उघडपणे जड आहे. शस्त्रक्रियेचा धोका कमी असलेल्या १,००० रुग्णांवर झालेली ‘पार्टनर ३’ ही चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील रुग्णांचे सरासरी वय ७३ होते. एका वर्षात मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे एकत्रित प्रमाण टावी गटात ८.५ टक्के, तर शस्त्रक्रिया गटात १५.१ टक्के आले. पहिल्या तीस दिवसांत हृदयाची लय नव्याने अनियमित होण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ३९.५ टक्के होते, टावीनंतर केवळ ५. जर्मनीतील १,४१४ रुग्णांच्या ‘डेडिकेट’ चाचणीत वर्षभरात मृत्यू किंवा पक्षाघाताचे प्रमाण टावीत ५.४ आणि शस्त्रक्रियेत १० टक्के आढळले.

मात्र हे अंतर तसेच राहत नाही. ‘पार्टनर ३’च्या पाचव्या वर्षाअखेर एकत्रित प्रमाण २२.८ विरुद्ध २७.२ टक्क्यांवर आले आणि त्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. केवळ मृत्यू पाहिले तर टावीत १० टक्के आणि शस्त्रक्रियेत ८.२ टक्के, हाही फरक निर्णायक म्हणता येत नाही. यावरून शस्त्रक्रिया वरचढ ठरते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, पण टावीचा लाभ मुख्यतः पहिल्या वर्षात मिळतो आणि नंतर दोन्ही वाटा बऱ्याच जवळ येतात, एवढे यातून नक्की दिसते. ज्याच्यापुढे आठ-दहा वर्षे आहेत त्याच्यासाठी पहिल्या वर्षाचे मोल फार मोठे असते. ज्याच्यापुढे पंचवीस वर्षे आहेत त्याने पुढची वर्षेही तितक्याच बारकाईने तपासावीत.

गायक मिक जॅगर यांना वयाच्या ७५ व्या वर्षी, २०१९ मध्ये, कॅथेटरने झडप बसवल्याचे आणि काही आठवड्यांत ते नाचू लागल्याचे वृत्त जगभर गाजले. अशा बातम्या ऐकून रुग्णाला धीर येतो हे खरे, पण त्यांत झडपेची मापे नसतात, आणि निर्णय मापांवर होतो.

पेसमेकर आणि गळती

जुनी झडप आत राहिल्याचे दोन तोटे आहेत. कॅल्शियमच्या ओबडधोबड कडांमुळे नवी जाळी भिंतीला सगळीकडे सारखी चिकटत नाही, आणि फटीतून थोडे रक्त मागे झिरपते. नव्या झडपांना बाहेरून कापडी झालर आल्यापासून मोठी गळती विरळ झाली आहे. किंचित गळती मात्र शस्त्रक्रियेपेक्षा टावीत अजूनही अधिक आढळते. दुसरा तोटा पेसमेकरचा. हृदयाचे विद्युत्संदेश नेणारा तंतुसमूह झडपेच्या अगदी खालून जातो आणि जाळीच्या दाबाने तो दुखावू शकतो. फुग्यावरच्या झडपेच्या ‘पार्टनर ३’ चाचणीत तीस दिवसांत नवा पेसमेकर लागण्याचे प्रमाण टावीत साधारण ६.५ टक्के आणि शस्त्रक्रियेत ४ टक्के होते. आपोआप उमलणाऱ्या झडपेच्या २०१९ च्याच चाचणीत ते १७.४ विरुद्ध ६.१ टक्के होते. तेव्हापासून झडप थोडी वर बसवण्याचे तंत्र रुळले आहे आणि हे प्रमाण खाली येत आहे. तरीही ईसीजीमध्ये आधीपासूनच ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’, म्हणजे या तंतूंच्या उजव्या शाखेत अडथळा, असेल तर धोका बराच वाढतो. त्यामुळे कोणती झडप बसवणार आहात आणि माझा ईसीजी कसा आहे, हे दोन प्रश्न एकत्रच विचारावेत.

जांघेतली धमनी साधारण साडेपाच मिलिमीटर रुंद असावी लागते. आपल्याकडच्या लहान चणीच्या वयस्कर स्त्रियांमध्ये ती अरुंद किंवा वाकडीतिकडी असण्याची शक्यता अधिक असते. ती योग्य नसेल तर खांद्याजवळच्या किंवा मानेतल्या धमनीतून जाता येते, पण मग ‘सोपी प्रक्रिया’ हे वर्णन लागू राहत नाही.

दुसरी झडप

प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली कोणतीही झडप, टाक्यांनी शिवलेली असो वा कॅथेटरने बसवलेली, काही वर्षांनी झिजते. शस्त्रक्रियेच्या ऊतक-झडपा वयस्कर रुग्णांत दहा ते पंधरा वर्षे टिकतात, असा अनेक दशकांचा अनुभव आहे. तरुण शरीरात त्या लवकर कडक होतात. टावीबाबत सर्वांत दीर्घ तुलना ‘नोशन’ या नॉर्डिक चाचणीत मिळते. सरासरी ७९ वर्षांच्या २८० रुग्णांवर झालेल्या या चाचणीत दहा वर्षांनंतर मृत्यूचे प्रमाण टावीत ६२.७ आणि शस्त्रक्रियेत ६४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते, आणि झडपेची तीव्र झीज टावीत उलट कमी दिसली. ही बातमी चांगली आहे, पण तिचा अर्थ ताणू नये. दोनतृतीयांशाच्या जवळपास रुग्ण दहा वर्षांत निवर्तले होते, त्यामुळे दहाव्या वर्षी कसोटीला लागलेल्या झडपा थोड्याच होत्या, आणि साठीतल्या शरीरात तीच झडप कशी वागेल हे या चाचणीतून कळत नाही.

झडप झिजल्यावर काय, हे आधीच्या निवडीवर ठरते. पहिली शस्त्रक्रियेची असेल तर तिच्या आत टावीची झडप बसवता येते, आणि हा मार्ग आता रुळलेला आहे. अडचण मापाची येते. एकात एक बसणाऱ्या डब्यांप्रमाणे प्रत्येक आतली झडप थोडी लहान होत जाते, आणि पहिलीच १९ किंवा २१ मिलिमीटरची असेल तर दुसरीतून रक्त पुरेसे जात नाही. म्हणून जाणकार शल्यचिकित्सक पहिल्याच शस्त्रक्रियेत महाधमनीचे मूळ थोडे रुंद करून मोठ्या मापाची झडप बसवण्याचा विचार करतात. ‘तुम्ही किती मापाची झडप बसवणार आणि गरज पडल्यास मूळ रुंद करणार का’ हा प्रश्न साठीतल्या रुग्णाने शल्यचिकित्सकाला जरूर विचारावा. त्याच्या उत्तरावरून पुढच्या वीस वर्षांचा अंदाज येतो.

पहिली टावीची असेल तर आत दुसरी टावी बसवता येते, पण सर्वांच्या बाबतीत नाही. दुसऱ्या झडपेमुळे पहिलीच्या पाकळ्या उभ्या दाबल्या जातात, दोन्ही जाळ्यांची मिळून एक नळी तयार होते, आणि महाधमनीचे मूळ अरुंद असेल तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडे त्या नळीमागे झाकली जाऊ शकतात. मग जाळी शस्त्रक्रिया करून काढावी लागते. तोपर्यंत ती महाधमनीच्या भिंतीत रुतलेली असते आणि रुग्णही दहा-बारा वर्षांनी म्हातारा झालेला असतो. पहिल्याच वेळी केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा हे काम कितीतरी अधिक जोखमीचे आहे. उंच जाळीच्या झडपांमागच्या धमन्यांपर्यंत पोहोचून नंतर अँजिओप्लास्टी करणेही अवघड जाते.

याच कारणाने मार्गदर्शक तत्त्वे वयावर रेषा ओढतात, आणि ती रेषा सरकतही राहते. अमेरिकेतील २०२० च्या तत्त्वांनी ६५ वर्षांखाली शस्त्रक्रिया, ८० वर्षांवर टावी आणि मधल्या वयात दोहोंचा विचार, असे सांगितले. युरोपातील २०२१ च्या तत्त्वांत ती रेषा ७५ वर्षांवर होती. २०२५ मध्ये ती, झडपेला तीन पाकळ्या असतील आणि रचना अनुकूल असेल या अटीवर, ७० वर्षांवर आणली गेली. ही वये मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील रुग्णांवरून ठरलेली आहेत. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा जुना दमा असलेल्या आपल्याकडच्या ६६ वर्षांच्या माणसापुढे उरलेली वर्षे तिथल्या ७२ वर्षांच्या धडधाकट माणसाइतकीच असू शकतात. जन्मतारखेपेक्षा ही उरलेली वर्षे मोजावीत, असे माझे मत आहे.

जिथे तुलनेची गरज नाही

काही रुग्णांच्या बाबतीत उत्तर आधीच ठरलेले असते. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेली असेल, तर बहुधा हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडपही दुखावलेली असते, आणि दोन्ही दुरुस्त करायच्या तर शस्त्रक्रियाच हवी. भारतात हा प्रकार अजूनही दुर्मीळ नाही. महाधमनी फुगलेली असेल किंवा तीन धमन्यांत गुंतागुंतीचे अडथळे असून बायपासची गरज असेल, तर एकाच वेळी सगळे उरकणे शहाणपणाचे ठरते. शंभरात एक-दोघांना जन्मतःच झडपेला तीनऐवजी दोन पाकळ्या असतात, आणि त्यांची झडप लवकर, बऱ्याचदा पन्नाशी-साठीतच अरुंद होते. मोठ्या चाचण्यांतून अशा रुग्णांना वगळलेले होते. २०२४ मध्ये आलेल्या ‘नोशन २’ चाचणीत अशा १०० रुग्णांत मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा दाखल होण्याचे वर्षभराचे प्रमाण टावीत १४.३ आणि शस्त्रक्रियेत ३.९ टक्के आढळले. संख्या लहान असल्याने हा शेवटचा शब्द नव्हे, पण सावध करण्यास पुरेसा आहे.

उलट बाजूला, आधी बायपास झालेला, छातीवर किरणोपचार घेतलेला, यकृत किंवा फुप्फुसे कमजोर असलेला रुग्ण सत्तरीच्या आत असला तरी त्याच्यासाठी टावी अधिक सुरक्षित असते. प्रगत स्मृतिभ्रंश किंवा शेवटच्या टप्प्यातला कर्करोग असेल तर दोहोंतले काहीच न करण्याचा सल्ला मिळू शकतो. तो ऐकणे नातेवाइकांना जड जाते, पण झडप बदलून धाप कमी झाली तरी बाकीचे दुखणे कमी होणार नसते.

पन्नाशीच्या आतल्या रुग्णासाठी कृत्रिम पदार्थांची यांत्रिक झडप हा तिसरा पर्याय आहे, आणि ती केवळ शस्त्रक्रियेनेच बसते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेली आणि डिसेंबर १९९० मध्ये प्रथम बसवलेली चित्रा झडप याच प्रकारची, आणि परदेशी झडपांपेक्षा स्वस्त. यांत्रिक झडप झिजत नाही. शांत रात्री तिची टिकटिक मात्र ऐकू येते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा असिट्रॉमसारखी गोळी जन्मभर घ्यावी लागते, रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा आयएनआर नियमित तपासावा लागतो, मेथी-पालकाचे प्रमाण आहारात सारखे ठेवावे लागते. तालुक्याच्या गावी जिथे ही तपासणी वेळेवर आणि भरवशाची होत नाही, तिथे ही निवड करताना दहादा विचार करावा. टावीनंतर बहुतेकांना एकटी ॲस्पिरिन पुरते. ऊतक-झडपा गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींच्या असतात. कोणत्या प्राण्याची, हे विचारण्यात संकोच बाळगू नये, कारण ऐनवेळी हा प्रश्न निघाला की सगळ्यांचीच पंचाईत होते.

खर्च

आपल्याकडे निर्णय पुष्कळदा इथे होतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. शस्त्रक्रियेचा खर्च काही लाखांत बसतो. खासगी रुग्णालयातील टावी दहा लाखांच्या पुढे जाते, आणि त्यातला मोठा वाटा एकट्या झडपेच्या किमतीचा असतो. गुजरातमधील वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हल ही भारतीय झडप २०१८ पासून उपलब्ध आहे. तिच्या दोन मापांत ३ ऐवजी १.५ मिलिमीटरचे अंतर असल्याने लहान चणीच्या रुग्णाला नेमके माप सापडण्याची शक्यता वाढते. ७६८ रुग्णांवरील २०२४ च्या ‘लँडमार्क’ चाचणीत ती दोन प्रस्थापित परदेशी झडपांच्या तोडीची ठरली. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा समावेश आहे. खासगी विमा असेल तर प्रत्यारोपित उपकरणावर वेगळी मर्यादा आहे का, हे तारीख ठरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. घर गहाण टाकून ६८ वर्षांच्या तब्येतीने बऱ्या असलेल्या रुग्णाची टावी करणे मला पटत नाही, कारण त्या वयात शस्त्रक्रिया हा दुय्यम उपचार नाही. ८४ वर्षांच्या अशक्त आईची गोष्ट वेगळी.

निर्णयाआधी हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक या दोघांशीही बोलणे झाले पाहिजे, शक्यतो एकाच बैठकीत आणि सीटी स्कॅन समोर ठेवून. जो तज्ज्ञ दुसऱ्याकडे पाठवण्यास नाखूश असतो, त्याचा सल्ला अर्धाच समजावा.

झडप कोणतीही बसवली तरी दातांच्या उपचारांआधी प्रतिजैविक घ्यावे लागते आणि दरवर्षी इको करावा लागतो. पहिल्या महिन्यातला इको पुढच्या सगळ्यांशी ताडून पाहण्यासाठी जपून ठेवावा. रुग्णालयातून निघताना एक छोटे कार्ड मिळते. त्यावर झडपेचे नाव, माप आणि बसवल्याची तारीख असते. ते औषधांच्या पिशवीत न टाकता आधार कार्डाबरोबर ठेवावे आणि त्याचा फोटो मुलांच्या फोनमध्येही असू द्यावा, कारण दहा-बारा वर्षांनी दुसऱ्या झडपेचा विषय निघेल तेव्हा समोरचा डॉक्टर सर्वांत आधी तेच मागेल.